शेजारच्या आजींनी दिलेली फुलदाणी मोनार्टची (जुनी स्कॉटिश रंगीत काच) असेल का?

शर्वरी_लीड्स
लीड्सला आमच्या शेजारी राहणाऱ्या स्कॉटिश आजी गेल्या महिन्यात केअर होममध्ये राहायला गेल्या. घर आवरायला मी आठवडाभर मदतीला होते. शेवटच्या दिवशी त्यांनी खिडकीतली फुलदाणी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "आईच्या लग्नातली आहे, 1936ची. पर्थची काच." (पर्थ म्हणजे स्कॉटलंडमधलं.)

उंची 21 सेंटीमीटर, खांदे फुगीर, गळा आखूड. खाली गडद हिरवे ठिपके, वर जाताना ते विरळ होत जातात आणि खांद्यावर नारिंगी-जांभळे भोवरे आहेत. उन्हात धरली की भोवऱ्यांतले सोनेरी कण चमकतात. नाव किंवा लेबल कुठेच नाही.

इथल्या एका दुकानदाराने हातातसुद्धा न घेता "मोनार्ट, दीडशे पौंड देतो" असं सांगितलं. दुसरा म्हणाला, पर्यटकांसाठीचा माल आहे. मला विकायची नाही. आत एक चिठ्ठी ठेवायची आहे, म्हणजे पुढे माझ्या मुलीला कळेल की हे काय आहे आणि कुणाचं आहे. त्या चिठ्ठीत खरं काय लिहू?

जुनीकाच
शर्वरीताई, आधी फुलदाणी पालथी करा. रंग बघून निर्णय देणाऱ्यांचं ऐकू नका, कारण हेच रंग एकाच घराण्याने तीन वेगवेगळ्या नावांखाली वापरले आहेत. गेली वीस वर्षं मी ही स्कॉटिश काच जमवतोय आणि सुरुवातीच्या माझ्या सगळ्या चुका वरून बघण्याच्या होत्या.

साल्वादोर इसार्ट हे बार्सिलोनाचे कारागीर. पर्थच्या मॉनक्रीफ कारखान्यात ते कामाला होते. मालकाच्या पत्नी इझाबेल मॉनक्रीफ यांच्या प्रोत्साहनाने तिथे 1924 मध्ये रंगीत काच सुरू झाली. मॉनक्रीफ आणि इसार्ट मिळून नाव पडलं मोनार्ट. युद्धाच्या काळात काम थांबलं. युद्धानंतर साल्वादोर आणि त्यांचे दोन मुलगे, व्हिन्सेंट आणि ऑगस्टिन, वेगळे झाले आणि त्यांनी व्हासार्ट सुरू केलं. थोरला पॉल मॉनक्रीफमध्येच राहिला आणि मोनार्ट 1961 पर्यंत चाललं. व्हासार्टचं पुढे स्ट्रॅथर्न झालं आणि 1965 मध्ये काम क्रीफ गावात गेलं.

तिन्हींची पद्धत एकच. लोखंडी पाटावर रंगीत काचेचा चुरा पसरायचा, त्यावर वितळलेल्या काचेचा गोळा लोळवायचा, वरून स्वच्छ काचेचा थर द्यायचा. भोवरे गरम असतानाच ओढून काढतात. तुम्ही म्हणता ते सोनेरी कण म्हणजे अ‍ॅव्हेंच्युरीन. ते तिन्हींकडे सापडतं, म्हणून त्यावरून काही ठरत नाही.

ठरतं ते बुडावरून. काठ घडवताना फुलदाणी एका सळईवर धरलेली असते. ती सळई तोडली की बुडाला व्रण राहतो, त्यालाच पाँटिल म्हणतात. मोनार्टमध्ये हा व्रण घासून सपाट, गुळगुळीत चकती केलेली असते आणि गोल कागदी लेबल त्या चकतीवरच असायचं. त्यावर आकाराची अक्षरं, रोमन आकड्यात माप आणि रंगाचा क्रमांक. धुण्यात ही लेबलं गेली, म्हणून बहुतेक मोनार्ट आज निनावी आहे. व्हासार्टच्या बुडावर बऱ्याचदा बारीक अक्षरांत नाव कोरलेलं असतं, आणि रंग सहसा फिके. अत्तराच्या कुपीवरचं वाचतो तसं तिरप्या उजेडात वाचावं लागतं.

बुडाचा फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीजवळ तिरपी धरा.

मोहन_ए
ही इंग्लंडमधल्या नेझिंग कारखान्याची नाही का? तिथेही 1930च्या दशकात अशी ढगाळ काच व्हायची. यूव्ही टॉर्च मारून बघा, लगेच कळेल.

जुनीकाच
मोहन, नेझिंगचं नाव काढलंत ते बरं केलं. बाजारात निनावी ढगाळ काच दिसली की तिला सर्रास मोनार्ट म्हणतात, त्यात नेझिंगचीही बरीच असते. पण टॉर्चने कारखाना कळत नाही. काचेत युरेनियम असेल तर ती हिरवी पेटते, एवढंच. युरेनियम अनेकांनी वापरलं.

शर्वरी_लीड्स
आत्ता नीट बघितलं. आजींनी टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून खाली हिरवं फेल्ट चिकटवलं होतं. कोमट पाण्यात भिजवून ते सोडवलं. मध्ये अंगठ्याच्या नखाएवढा गोल ठसा आहे आणि त्यात उडी मारणारा मासा! फोटो जोडलाय.

जुनीकाच
हा सामन मासा, म्हणजे स्ट्रॅथर्नचा शिक्का. सळई तोडल्यावर व्रणावर मऊ काचेत हा शिक्का दाबायचे. म्हणजे फुलदाणी 1965 नंतरची. 1936च्या लग्नात ती असू शकत नाही.

तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. दुकानदाराच्या "मोनार्ट"लाही आता अर्थ उरला नाही. पण इसार्ट घराण्याने रुजवलेली हीच कला क्रीफमध्ये चालू राहिली, त्यामुळे ही काही कमअस्सल वस्तू नाही. त्या खांद्यावरचे भोवरे फार सुंदर ओढलेत. फोटोतही दिसतंय, तिथे हात थरथरलेला नाही.

आजी खोटं बोलल्या असंही समजू नका. घरात एकीसारखी दुसरी फुलदाणी आली की आठवणी एकमेकींवर सरकतात. जमलं तर त्यांना मासा दाखवा. "ही खोटी निघाली" म्हणू नका, फक्त विचारा की क्रीफला कधी गेला होतात का.

शर्वरी_लीड्स
काल गेले होते. मासा बोटाने चाचपून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, आईची फुलदाणी धाकट्या बहिणीकडे गेली. आईला त्याचं वाईट वाटत राहायचं, म्हणून वडिलांनी क्रीफहून ही आणली होती. कोणत्या वर्षी ते आठवत नाही, पण तेव्हा आजींचं स्वतःचं लग्न झालेलं होतं.

चिठ्ठीत काय लिहू आता?

जुनीकाच
दोन वेगळे परिच्छेद करा. पहिला बुडाचा: "स्ट्रॅथर्न, क्रीफ, 1965 नंतर, सामनचा ठसा, उंची 21 सेंटीमीटर." दुसरा आजींचा, त्यांच्याच शब्दांत, खाली तुमचं नाव आणि ऐकल्याची तारीख. पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. फेल्ट परत चिकटवू नका.

आणि धाकट्या बहिणीकडची ती फुलदाणी अजून कुणाकडे असेल, तर तिचंही बूड मला बघायला आवडेल.