जुन्या गाडीला एचएसआरपी : सुरक्षा की नुसता भुर्दंड?

हिशेबी
१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट (एचएसआरपी) शोरूममधूनच लागून येते, तिच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याआधीच्या गाड्यांचा. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती. पुढे ती ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर अशी सरकत गेली. मुदत पाच वेळा वाढवावी लागते तेव्हा लोक आळशी आहेत एवढंच कारण नसतं.

दर बघा. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकी आणि त्यावरच्या सगळ्यांना ७४५. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दुचाकीला ५३१ आणि कारला ८७९ रुपये १० पैसे. भंगारात काढायला आलेल्या स्कूटरलाही ५३१. राज्याचे तीन विभाग पाडून प्रत्येकाला एकच कंपनी नेमलेली, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नाहीच. एवढं करून चोर कॅमेऱ्याला फसवायचा तो फसवतोच. माझ्या मते जुन्या गाडीची मालकी बदलेल किंवा पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होईल तेव्हा प्लेट सक्तीची करायची. सरसकट नको.

पाना_बारा
५३१ रुपयांत नुसता पत्रा मिळत नाही. १ मिलिमीटर जाडीचं अ‍ॅल्युमिनियम, त्यावर प्रकाश परतवणारी फिल्म, वर डाव्या बाजूला २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम, खाली डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला किमान दहा अंकी क्रमांक. अक्षरं ठोकून उठवलेली, त्यांच्या काळ्या फिल्मवर तिरक्या ओळीत बारीक ‘इंडिया’. तो लेझर क्रमांक ‘वाहन’च्या, म्हणजे गाड्यांच्या सरकारी संगणकीय नोंदवहीच्या, नोंदीत तुमच्या गाडीशी जोडला जातो. बसवण्याची मजुरी त्यातच.

आणि जुनी प्लेट कशी असते? दोन नट-बोल्ट. दहा नंबरचा पाना असला की दोन मिनिटांत ती दुसऱ्या गाडीवर. नवी प्लेट स्नॅप लॉकने बसते. ते एकदा ठोकलं की सुटत नाही, तोडावंच लागतं. तोडलेलं डोळ्याला दिसतं, हाच त्याचा उपयोग.

हिशेबी
डोळ्याला दिसतं हे खरं, पण बघतं कोण? लेझर क्रमांक वाचायला प्लेटपासून हातभर अंतरावर उकिडवं बसावं लागतं. चौकातला कॅमेरा फक्त गाडीचा नंबर वाचतो. कुणी माझाच नंबर टाकून हुबेहूब दिसणारी खोटी प्लेट लावली, तर चलन माझ्याच मोबाइलवर येणार. तशा नकली प्लेटा रेडियमवाल्यांकडे मिळतात, खऱ्या प्लेटवर असतात तशा छापलेल्या ‘आयएनडी’ अक्षरांसकट.

चौकातला_दिवा
मिळतात, पण त्या ओळखायला भिंग लागत नाही. अक्षरावरून नख फिरवा, नकलीत उठाव नसतो किंवा वरून चिकटवलेलं अ‍ॅक्रिलिक असतं. चक्र स्टिकरचं असलं तर कडेने नखाला लागतं. खरं चक्र फिल्ममध्ये गरम ठशाने बसवलेलं असतं, त्याला कड सापडत नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर फायदा तिथेच जास्त आहे. रात्री इन्फ्रारेड उजेडात साध्या रंगाची प्लेट काळी पडते, ही फिल्म चमकते. अक्षरांचं वळण आणि अंतर ठरलेलं असल्यामुळे यंत्राची वाचताना चूक कमी होते. आपल्याकडे २१४ चं ‘राम’ आणि ८०५५ चं ‘बॉस’ करून मिरवायची हौस दांडगी. देवनागरी आकडे तर बिनदिक्कत. मराठीवर प्रेम असावं, पण प्लेटवर रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात, हा नियम एचएसआरपीच्या आधीपासूनचा आहे. चुकीची प्लेट म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १७७, पहिल्यांदा ५०० आणि नंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड. प्लेटच्या किमतीशी ताडून बघा.

आरसीबुक
दोन्ही बाजू पत्र्यावर भांडतायत. खरी अडचण नोंदीत आहे आणि मुदती त्यापायी वाढल्या, असं माझं मत. बुकिंगला गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच-पाच अंक आणि मोबाइल लागतो. हे ‘वाहन’मधल्या नोंदीशी जुळलं नाही तर बुकिंग पुढे सरकत नाही. जुन्या पुस्तकी आरसीवरून संगणकात नोंदी चढवताना शून्याचा ‘ओ’ झालेला असतो, पाचाचा ‘एस’ झालेला असतो, कधी गाडीची नोंद चढलेलीच नसते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बुकिंग करून काही होत नाही. आधी चासीवरचा ठसा पेन्सिलने कागदावर उतरवून घ्या, आरसीशी ताडा, आणि ज्या आरटीओत मूळ नोंदणी आहे तिथे दुरुस्ती किंवा बॅकलॉग, म्हणजे राहून गेलेली जुनी, नोंद करून घ्या. मोबाइल नंबर जुना असेल तर परिवहनच्या साइटवर तो आधी बदला, नाहीतर निरोप भलत्याच माणसाला जातील.

बुकिंग फक्त परिवहन विभागाच्या साइटवरून, म्हणजे ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. तिथे आरटीओ निवडलं की त्या विभागाच्या कंपनीचं पान उघडतं. सर्च इंजिनवर वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून पैसे भरले तर ते गेलेच समजा, अशा नकली साइट बऱ्याच निघाल्या. आरटीओ निवडताना गाडी आत्ता जिथे आहे ते निवडा. एमएच १२ ची गाडी नागपुरात असेल तर प्लेट नागपुरात बसते, पुण्याला यावं लागत नाही.

पैसे भरण्याआधी गाडीचा वर्ग तपासा, हे बरेच जण विसरतात. टॅक्सीची खासगी करून घेतली, पण नोंद बदललीच नाही, तर प्लेट पिवळीच छापून येईल. पांढऱ्यावर काळी खासगी, पिवळ्यावर काळी भाड्याची, हिरव्यावर पांढरी खासगी विजेची. हे नोंदीवरून ठरतं, तुमच्या सांगण्यावरून नाही.

हिशेबी
म्हणजे नोंद सरकारी यंत्रणेने चुकवायची, हेलपाटे मालकाने घालायचे आणि दंडही त्यानेच भरायचा. माझा मुद्दा तुम्हीच भक्कम केलात.

आरसीबुक
हेलपाट्यांबद्दल मान्य. पण या निमित्ताने नोंद दुरुस्त झाली नाही तर तीच चूक विकताना, विम्याचा दावा करताना आडवी येते. मालकी बदलेपर्यंत थांबा म्हणता, ते तर घडतंच आहे. प्लेट नसलेल्या गाडीचा नाव-पत्ता बदल, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं ही कामं अडवायचं परिवहन विभागाने जाहीर केलं. ऐन विक्रीच्या दिवशी चासी क्रमांक चुकीचा निघाला तर गिऱ्हाईक उभं राहत नाही.

पाना_बारा
बसवतानाच्या चुका कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

मोटारसायकलची पुढची प्लेट २८५ बाय ४५, मागची २०० बाय १०० मिलिमीटर. जुन्या मोटारसायकलींच्या पुढच्या मडगार्डवर वळणदार पट्टी असते. सपाट प्लेट तिच्यावर दाबून ठोकली की मधोमध ताण येतो. इंजिनच्या थरथरीने आधी भोकाभोवती केसासारखी चीर पडते, मग कोपरा लोंबायला लागतो. उपाय साधा आहे. प्लेट बसवायच्या सेंटरला जाण्याआधी गॅरेजमध्ये सपाट ब्रॅकेट बसवून घ्या, गंजलेला मागचा क्लॅम्प बदला. सेंटरवाला ब्रॅकेट देत नाही, ते त्याचं कामही नाही.

कारला पुढच्या बंपरवर जुन्या प्लेटची भोकं असतात, ती नव्या प्लेटशी जुळतीलच असं नाही. ड्रिल मारण्याआधी मागे सेन्सरची वायर आहे का, हे दाखवून द्या. स्नॅप लॉकऐवजी कुणी साधा स्क्रू पिळायला लागला तर तिथेच थांबवा. स्क्रू लावलेली प्लेट म्हणजे होलोग्राम असलेली जुनी प्लेटच. निघण्याआधी दोन्ही प्लेटांचे लेझर क्रमांक पावतीशी ताडा. पुढचा आणि मागचा वेगवेगळा असतो, तो दोष नव्हे.

चारचाकीला तिसरी वस्तू असते, काचेवरचं स्टिकर. १०० बाय ६० मिलिमीटर, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी. आतून डाव्या कोपऱ्यात चिकटवतात. काढायला गेलात की फाटतं, मुद्दाम तसंच केलेलं आहे. म्हणून काच बदलायची असेल तर आधी बदला.

तळ्यात_मळ्यात
सेंटरवर प्लास्टिकची फ्रेम गळ्यात मारतात त्याचं काय? ‘नाहीतर प्लेट वाकेल’ म्हणून वेगळे पैसे.

पाना_बारा
फ्रेम सक्तीची नाही, सरळ नाही म्हणा. प्लेट वाकते हे मात्र खरं, १ मिलिमीटरचाच पत्रा आहे. पण फ्रेमची कड चक्रावर किंवा लेझर क्रमांकावर आली तर तीच अडचण. पाठीमागून आधार देणारी पट्टी लावा, पुढून झाकणारी नको.

मांडवीपार
हिशेबींच्या बाजूने एक मुद्दा, जो वर आला नाही. एमएचची गाडी कामासाठी गोव्यात किंवा बेंगळुरूत आहे. प्लेट महाराष्ट्रातच येऊन बसवायची. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. नमुना २८ वर ना-हरकत, मग तिथला रोड टॅक्स, मग नमुना २७ वर नव्या नंबरचा अर्ज, मग गोव्याचा जीए नंबर आणि पुन्हा नवी प्लेट. म्हणजे काही महिन्यांपूर्वी बसवलेली प्लेट भंगार आणि प्लेटचे पैसे दोनदा. लेझर क्रमांक चासीशीच जोडलेला आहे, तर निदान दुसऱ्यांदा सवलत द्यायला काय हरकत होती?

चौकातला_दिवा
सवलतीचं पटतं. पण नंबर बदलला की अक्षरं नव्याने उठवावी लागणार, जुना पत्रा पुन्हा वापरता येत नाही. जुनी प्लेट सेंटरवर जमा करून नष्ट करायची असते. आठवण म्हणून घरी नेऊ नका. तिचा वापर दुसऱ्या कुणी केला तर पोलीस आधी तुमचं दार वाजवतील.

तळ्यात_मळ्यात
आणि एकच प्लेट तुटली किंवा पडली तर?

आरसीबुक
दोन्ही घ्यायची गरज नाही. बुकिंगमध्ये बदली प्लेटचा पर्याय निवडायचा, नुसती पुढची की नुसती मागची ते सांगायचं. मोडकी असेल तर ती परत द्यायची, हरवली असेल तर पोलिसांत तक्रार करून तिची प्रत जोडायची. पाच वर्षांत आपोआप फिल्म सुटली किंवा अक्षरांचा रंग उडाला तर तो हमीतला दोष, पावती जपून ठेवली असेल तर.

हिशेबी
पावतीवरची शाई पाच वर्षं टिकते का, तेवढं विचारून ठेवा.

आरसीबुक
थर्मल कागदावरची छपाई हळूहळू उडते. आजच फोटो काढा.