मदत हवी आहे: शिलाई मशीनला आलेलं गिऱ्हाईक

नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापुरात राहते. आईचं पायमशीन ३५०० रुपयांना विकायला ऑनलाइन टाकलं. दहा मिनिटांत फोन, "मी फौजी आहे, लगेच घेतो." घासाघीस नाही, मशीन चालतंय का तेही विचारलं नाही. सोलापुरात असं गिऱ्हाईक असतंय होय? मग क्यूआर कोड आला: "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढं ठाऊक होतं, म्हणून वाचले.

आता तो दुसऱ्या नंबरवरून दमदाटी करतोय. पैसे गेलेले नाहीत, तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतात का? की संचार साथी या सरकारी पोर्टलवर संशयास्पद कॉल कळवायची 'चक्षू' सोय आहे, तिथे नंबर कळवू? आणि पुढच्या गिऱ्हाईकाला घरी बोलवू, की सात रस्ता चौकात? मशीन बिडाचं आहे, तिथवर नेणार कोण?