घटना शिकायची तर आधी पाया की आधी चालू खटले?

तापीकाठ
'संविधानातले चालू प्रश्न' हा ऐच्छिक विषय घ्यावा का, यावरून आमच्या लॉच्या ग्रुपमध्ये जुंपली आहे. माझं मत, घ्यावाच. आणि सुरुवात आपल्या जिल्हा परिषदांपासून करावी. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने गवळी खटल्यात सांगितलं, की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी आयोग, मग त्याने गोळा केलेली मागासलेपणाची आकडेवारी, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. धुळे-नंदुरबारला जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या ओबीसी सदस्यांचं पद गेलं, ५ ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणूक झाली. नंदुरबारात तर आदिवासींच्या जागाच निम्म्याहून जास्त, मग ओबीसींना उरलं काय? हे पारावर बोललं जातं, वर्गात का नाही?

केळीपट्टा
ताई, नाही पटलं. समानतेचं कलम १४ धड न वाचलेली पोरं 'ट्रिपल टेस्ट', म्हणजे गवळी खटल्यातल्या त्या तीन अटी, घोकून येतात. कुठून आली विचारलं की गप्प. शिवाय चालू म्हणजे बदलणारं. ८ एप्रिल २०२५ ला तामिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी राज्यपालांना विधेयकांवर निर्णय घेण्यासाठी मुदत घालून दिली. २० नोव्हेंबरला पाच जणांच्या पीठाने मत दिलं, न्यायालयाला अशी मुदत घालता येत नाही. उन्हाळ्यात शिकवलेलं दिवाळीनंतर बाद! त्यापेक्षा घटनेची मूलभूत चौकट सांगणारा केशवानंद भारती खटला नीट वाचून घ्या, जन्मभर पुरेल.

तापीकाठ
दादा, बाद कसं? राज्यपालांनी विधेयकाचं काय करायचं ते सांगणाऱ्या कलम २०० मध्ये दिवसांची मुदत नाही. ती न्यायालयाला घालता येते का, याचं उत्तर दोन पीठांनी वेगवेगळं दिलं. का दिलं हे शोधायला बसलं की सर्वोच्च न्यायालयाला पूर्ण न्यायासाठी आदेश देण्याचा अधिकार देणारं कलम १४२ वाचावंच लागतं, राज्यपालांचे अधिकारही. पाया त्यातच पक्का होतो.

सातपुडा_धडगाव
आमचा अख्खा तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्राच्या खास तरतुदींत, पण पुस्तकात ती पानभरात संपते. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम वगैरे) लिलावाआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. परीक्षेत त्याला टीप लिहा, बस्स. गावात मात्र तेच विचारतात, "तू वकिली शिकतोस ना, मग सांग, आमच्या ठरावाला किंमत किती?"
खरी अडचण भाषेची आहे. निकाल इंग्रजीत, शेकडो पानी. मराठीतून बारावी केलेली पोरं गाइडच उचलणार. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकाल मराठीत आहेत, ते वर्गात कुणी उघडून दाखवत नाही.

केळीपट्टा
भाऊ, पेसाचं म्हणणं रास्त आहे. पण तो कायदा कळायलाही आधी अनुसूचित क्षेत्रांचं कलम २४४ आणि पंचायतींचा भाग नऊ यायला हवा. म्हणून म्हणतो, चालू प्रश्न शेवटच्या वर्षाला ठेवा.

तापीकाठ
शेवटच्या वर्षापर्यंत का थांबायचं? पंचायतींतल्या राखीव जागांचं कलम २४३ ड शिकवाल त्याच तासाला नंदुरबारचा जागांचा तक्ता फळ्यावर मांडा. आदिवासींच्या जागा आधी भरा, ५० टक्क्यांची रेघ मारा आणि पोरांनाच विचारा, आता ओबीसींच्या किती बसतात?