आईचा श्रावणी सोमवार, शुगरची गोळी आणि भावाचं १६:८. मदत हवी आहे

आई ६४ वर्षांची, मधुमेह १२ वर्षांपासून. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. श्रावणातले सगळे सोमवार करते. दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, बाकी चहावर, दिवेलागणीला उपास सोडते.

परवा आवराआवरीच्या नादात खिचडी राहून गेली. गोळी मात्र घेतलेली. चारच्या सुमारास देवघरापाशी बसलेली दिसली, वाती वळताना हात थरथरत होते, ब्लाउज घामाने चिंब. ग्लुकोमीटरवर ५८! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी ८६. रात्री वरणभात, बटाट्याची भाजी, खीर. दोन तासांनी २५१.

भाऊ १६:८ वाला, म्हणजे सोळा तास उपाशी, खाणं उरलेल्या आठ तासांतच. रात्री आठनंतर काही नाही, दुसऱ्या दिवशी बाराला पहिला घास. म्हणतो, "तुझी अंधश्रद्धा, माझं विज्ञान." आई म्हणते, "तेच तर करतोस, वर मला पुण्य."

मला दोघांचंही पटत नाही. भावाच्या जवळ जातो तो शेजारच्या जैन काकांचा चोविहार, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, तेही रोज. आईचं आठवड्यातून एकदा, आणि पोटात काय, तर साबुदाणा-बटाटा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. भावानेही फार उडू नये. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ लोकांवरचा वर्षभराचा अभ्यास आला होता. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या, तर आठ तासांतच खाणाऱ्यांचं वजन काही विशेष जास्त उतरलं नाही. शिवाय त्याला कुठे ही गोळी आहे? ग्लिमेपिराइड पोट रिकामं असलं तरी इन्शुलिन सोडायला लावतं.

शनिवारी डॉक्टरांकडे जातोय. तोवर मनाने गोळी बंद करू नका, असं फोनवर सांगितलंय. "उपासच सोड" हा सल्ला कृपया नको, ४१ वर्षांत एक सोमवार चुकलेला नाही.

विचारायचं ते असं. घरातल्या कुणाची उपासाच्या दिवशी गोळीची वेळ किंवा मात्रा डॉक्टरांनी बदलून दिली होती का? भगर-दाण्याची आमटी किंवा राजगिऱ्याची भाकरी खाऊन दोन तासांनी कुणी शुगर मोजलीय का? अंदाज नकोत, आकडे द्या.

आणि चार वाजता वाटीभर ताक, मूठभर दाणे घ्यायला तिला पटवू कसं? फराळ एकदाच, हा तिचा नियम. चहा चालतो ना, म्हटलं तर म्हणते, "चहा कुठे खाण्यात धरतात!"