रोबोट स्वतः कापत नाही हो!
रोबोटने होणाऱ्या ऑपरेशनबद्दल कुणीतरी विचारलंय, 'रोबोट चुकला तर जबाबदार कोण?' अहो, 'दा विंची' या ऑपरेशनच्या रोबोटसारखं यंत्र स्वतःहून एक टाकासुद्धा घालत नाही. सर्जन पेशंटच्याच खोलीत कन्सोलमध्ये, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रात, डोकं खुपसून बसलेला असतो. त्याची बोटं हलली की आतला चिमटा हलतो. हाताची थरथर गाळली जाते आणि हवं तर बोटं ३ सेंटिमीटर सरकल्यावर आतलं टोक १ सेंटिमीटरच सरकतं. जुन्या मॉडेलांत मात्र आत किती ताण बसतोय हे हाताला कळत नाही, डोळ्यांनीच ताडायचं. (मला तरी हीच खरी उणीव वाटते.)

लांबून ऑपरेशन म्हणाल तर २००१ मध्येच फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कहून फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधल्या एका बाईंचं पित्ताशय काढलंय. यंत्र होतं 'झ्यूस' नावाचा असाच एक रोबोट. पेशंटजवळ डॉक्टर होतेच.