मदत हवी आहे: आईची रक्त पातळ करायची गोळी आणि मेथी

नमस्कार मंडळी, ग्रुपमधे कोणी नर्सिंगवाले असतील किंवा घरात असा पेशंट असेल तर प्लीज सांगा. आईचा हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) बदललाय, मेटलचा, तेव्हापासून अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, रोज संध्याकाळी सहाला, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा टेस्टचा आकडा) डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 मधे ठेवायला सांगितलाय. मागच्या आठवड्यात एकदम 1.8 आला! गोळी एकही चुकली नाहीये, डबीवर मीच वार लिहून ठेवलेत. मग लक्षात आलं, मामी गावाहून मेथी घेऊन आलेली आणि आईने चार दिवस भाजी, थालीपीठ, घोळाणा सगळं मेथीचंच हाणलं 😅 पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे या गोळीचा असर कमी होतो ना. डोस डॉक्टरांनी बदलून दिलाय, पाच दिवसांनी परत टेस्ट आहे, तो प्रश्न नाही. सिस्टर म्हणाल्या पालेभाजी बंद नका करू, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच ठेवा. पण "तेवढीच" घरात मोजता कशी, वाटीने की जुडीने? आणि अर्धी गोळी तोडताना निम्मा भुगा होतो, कटरने नीट तुटते का? गुडघ्यासाठी परस्पर पेनकिलर घ्यायची, ते मात्र भांडून बंद केलंय.