प्रति: दहावीतल्या मुलीची अडचण

दहावीतल्या एका ख्रिस्ती मुलीला शाळेतला उत्क्रांतीचा धडा आणि आपली श्रद्धा यांचा मेळ लागत नाहीये, त्यावर पुस्तकात देव कुठेच नाही त्यामुळे पोरांची श्रद्धा डळमळते, हा धडाच नको असं कोणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. काळजी मात्र खरी आहे. मी वसईची, आमच्या वर्गात हा धडा चालू असताना सर म्हणाले आता बायबलवाल्यांनी काय ते ठरवा, आणि सगळा वर्ग आम्हा दोघीतिघींकडे वळून बघायला लागला, फार लागलं ते. पण लागलं ते सरांचं बोलणं, धडा नाही.

कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते, वाटाण्यावर प्रयोग करणारा मेंडेल, ज्याची आनुवंशिकतेची गुणोत्तरं आपण पाठ करतो, तो स्वतः मठात राहणारा कॅथलिक धर्मगुरू होता, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे बेल्जियमचे शास्त्रज्ञ लमेत्र पण फादरच, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही असं सांगितलं, माणसाचा आत्मा मात्र थेट देवाकडून हे कायम ठेवून. मला हे चर्चमधल्या मिस्सा प्रार्थनेनंतरच्या धर्मशिक्षणात कळलं, शाळेत नाही. त्या मुलीने धडा बिनधास्त शिकावा आणि जे खटकतंय ते घेऊन सरळ आपल्या फादरांकडे जावं, आईवडिलांनी पण सोबत जावं.